मग दहावी नाहीच ना?

एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. पत्र थोडं आखडून देते:

"काकू, माझा मुलगा सहावीत आहे. गेला महिनाभर तो रात्री दोन-दोनदा उठून आमच्या खोलीत येतो. कारण विचारलं तर आधी काही बोलेना. मग एकदा अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाला, 'आई, १३ एप्रिल २०२९ला माझी नववी संपत आलेली असेल. मग दहावी नाहीच ना?' मला काही उलगडा होईना. नंतर समजलं की सासरे त्याला मोबाईलवर धूमकेतू आणि लघुग्रहांचे व्हिडिओ दाखवतात. अपोफिस नावाचा दगड त्या दिवशी पृथ्वीवर आदळणार, नासाला ठाऊक आहे पण लपवतात, असं त्यात असतं. अण्णा पूर्वी असे नव्हते. हिशेबाचे पक्के, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. आता विम्याचा हप्ता भरायची वेळ आली की म्हणतात, 'कशाला? २०२९ नंतर कोण विचारायला येणार आहे?' मिस्टर म्हणतात, दुर्लक्ष कर. दुर्लक्ष करायला गेले आणि परवा रात्री मीच ते व्हिडिओ एकामागून एक शेवटपर्यंत पाहिले. खरं सांगू का, मलाही झोप लागली नाही. यात खरं किती? मुलाला काय सांगू? आणि अण्णांना न दुखवता कसं थांबवू?"

नमस्कार,

तुमच्या लेकाचा प्रश्न वाचून आधी मला हसू फुटलं. जग बुडणार म्हटल्यावर पोराला पहिली आठवण झाली ती दहावीची! मग हसू ओसरलं. महिनाभर हे पोर एकट्याने हिशेब करत बसलंय, नववी कधी संपते, आपण तेव्हा किती वर्षांचे असू, आणि घरात कोणाला पत्ता नाही.

तेव्हा आधी उत्तर, पाल्हाळ मागाहून. १३ एप्रिल २०२९ला अपोफिस पृथ्वीवर आदळणार नाही. बहुतेक नाही, बघू या, तसलं काही नाही. आदळणार नाही. पुढची निदान शंभर वर्षं तरी नाही.

गंमत अशी की अण्णांच्या व्हिडिओतलं बाकी बरंचसं खरं आहे. अपोफिस आहे. तारीख बरोबर आहे. त्या दिवशी शुक्रवार आहे, हेही बरोबर. दगड लहान नाही, साधारण साडेतीनशे मीटरचा. आणि तो जवळून जाणार हे तर अगदीच खरं. जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. टीव्हीचे आणि हवामानाचे बरेचसे उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात, त्यांच्याही आतून. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या लोकांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल, एखादा फिकट तारा हळूहळू सरकावा तसा. नाव खरं, वार खरा, तारीख खरी, अंतर खरं, आणि शेवटचं एक वाक्य तेवढं खोटं. म्हणून तर तुमच्यासारख्या समंजस बाईचीही झोप उडते. सगळंच खोटं असतं तर तुम्ही पहिल्याच मिनिटाला फोन ठेवून दिला असता.

ते शेवटचं वाक्यही कोणी निव्वळ मनाने रचलेलं नाही. त्याला एक इतिहास आहे, आणि तो अण्णांना आवडेल, कारण त्यात हिशेब आहे.

जून २००४मध्ये ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेतून हा दगड पहिल्यांदा दिसला. दोन रात्री दिसला आणि हरवला. डिसेंबरात पुन्हा सापडला. कक्षेचं गणित मांडलं, तर २०२९ला टक्कर होण्याची थोडी शक्यता निघाली. नवे वेध येत गेले तसा तो आकडा चढत गेला. २७ डिसेंबरला २.७ टक्के, म्हणजे सदतीसात एक. लघुग्रहांच्या धोक्यासाठी शून्य ते दहाची टोरिनो मापपट्टी आहे. अपोफिसने त्यावर ४ गाठले. त्याआधी इतकं कोणी गाठलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आणि हे सगळं त्या त्या दिवशी जाहीर होत होतं. जगाने तिकडे फारसं पाहिलं नाही, कारण आदल्याच दिवशी हिंदी महासागरात त्सुनामी आली होती. त्या लाटेची तारीख कुठल्याच भविष्यवाल्याने सांगितली नव्हती, हे जाता जाता.

मग कोणीतरी जुनी छायाचित्रं उकरून काढली. मार्च २००४मध्ये, म्हणजे शोध लागण्याच्या तीन महिने आधी टिपलेल्या फोटोंत तोच ठिपका अंधुकसा सापडला. एवढा जुना वेध हाती लागल्यावर कक्षा घट्ट बसली आणि २०२९ची टक्कर बाद झाली. २०३६ची एक बारीक शंका उरली होती, ती २०१३मध्ये मिटली. २०६८ची उरली होती, ती मार्च २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या रडारने मिटवली. अण्णांच्या व्हिडिओंचं घड्याळ मात्र २७ डिसेंबर २००४लाच बंद पडलंय.

इथे एक गोष्ट तुम्हाला खटकेल, कारण मलाही बरीच वर्षं खटकत होती. टक्कर होणारच नव्हती, तर शक्यतेचा आकडा आधी वाढत का गेला?

समजा तुमचं एक कानातलं घरात हरवलंय. घरात दहा जागा आहेत, पैकी एक म्हणजे मोरी. मोरीत पडलं असेल तर गेलंच. सुरुवातीला मोरीची शक्यता दहात एक. तुम्ही बाहेरची खोली शोधता, नाही. कपाट, नाही. पलंगाखाली, नाही. पाच जागा संपल्यावर मोरीची शक्यता पाचात एक होते. आठ जागा संपल्यावर दोनात एक, आणि तुमच्या पोटात गोळा येतो. मग नवव्या जागी, उशीच्या अभ्र्यात, ते कानातलं सापडतं आणि मोरीचा आकडा एका क्षणात शून्य होतो. या सगळ्या वेळात कानातलं जागचं हललेलं नाही.

लघुग्रहाचं तसंच. पहिल्या काही रात्रींच्या वेधांवरून 'तो त्या दिवशी इथून तिथपर्यंत कुठेही असू शकेल' असा एक लांबच लांब पट्टा मिळतो. पृथ्वी त्या पट्ट्यात कुठेतरी असते. वेध वाढतात, पट्टा आखडत जातो. पृथ्वी अजून आत असेल तर आकडा चढतो. आणखी आखडला की पृथ्वी बाहेर पडते आणि आकडा कोसळतो. हा खेळ अलीकडे पुन्हा झाला. २०२४ वायआर४ नावाचा साधारण साठ मीटरचा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ला चिलीतल्या दुर्बिणीने शोधला. २२ डिसेंबर २०३२ला टकरीची शक्यता म्हणून त्याचा आकडा चढत चढत १८ फेब्रुवारी २०२५ला ३.१ टक्क्यांवर गेला. आठवडा उलटायच्या आत तो नगण्य झाला. चढतानाच्या बातम्या पहिल्या पानावर होत्या. उतरतानाची बातमी तुम्ही वाचली होती का? मला तरी ती शोधावी लागली.

असल्या मथळ्यांतला आणखी एक शब्द ओळखून ठेवा, 'संभाव्य धोकादायक'. खगोलशास्त्रात ही वर्गवारीची चिठ्ठी आहे. लघुग्रह साधारण १४० मीटरहून मोठा असेल आणि त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या ७५ लाख किलोमीटरच्या आत येत असेल, तर ती चिठ्ठी चिकटते. चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरच्या आसपास. म्हणजे चंद्राच्या जवळजवळ वीसपट लांबून जाणारा दगडही 'धोकादायक' आणि 'पृथ्वीजवळून सुसाट'. नजर ठेवायला ही वर्गवारी उत्तम आहे. तिचा मथळा केला की घरात भांडणं होतात.

खऱ्या गोष्टीला खोटं शेपूट जोडायचा हा उद्योग जुना आहे. मे १९१०मध्ये पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून जाणार होती. हे खरं होतं. त्याआधी काही महिने यर्कीझ वेधशाळेने वर्णपटावरून त्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू ओळखला होता. हेही खरं. मग कामिय फ्लामारियाँ या नामांकित फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर 'हा वायू वातावरणात मिसळून सगळी सृष्टी संपेल' असं छापून आलं, आणि लोकांनी किल्लीच्या भोकांत कागद कोंबले, दारांच्या फटी बुजवल्या. धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या आणि खपल्याही. बाकीचे खगोलशास्त्रज्ञ घसा कोरडा करून सांगत होते की शेपटी कोट्यवधी किलोमीटर लांब असली तरी इतकी विरळ असते की प्रयोगशाळेतली निर्वात पोकळी तिच्यापुढे दाट म्हणावी. १९ मे उजाडला. कोणाला साधी शिंकही आली नाही. गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींना नक्कीच वाटलं असणार की गोळ्या लागू पडल्या.

आणि 'लपवतात' हे पालुपद तर त्याहून जुनं. १७७३मध्ये पॅरिसात लालांद या खगोलशास्त्रज्ञाने कोणते धूमकेतू पृथ्वीजवळ येऊ शकतात यावर निबंध लिहिला. विज्ञान अकादमीच्या सभेत तो वाचायचा होता, वेळ पुरला नाही, राहून गेला. झालं! वाचू दिला नाही म्हणजे त्यात नक्कीच प्रलय आहे, अशी गावभर आवई उठली. बिचाऱ्याला खुलासा छापावा लागला, निबंधही छापावा लागला, त्यात तारीखबिरीख काही नव्हतीच.

आज लपवायचं म्हटलं तरी कसं लपवणार, हे अण्णांना विचारून बघा. जगभरातल्या वेधशाळांचे आणि हौशी निरीक्षकांचे वेध अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जमा होतात आणि तिथून सर्वांना खुले होतात. कक्षेचं गणित नासाची प्रयोगशाळा करते, इटलीतला गट वेगळं करतो, युरोपीय अंतराळ संस्था वेगळं करते. हेल-बॉप धूमकेतूतले बॉप हे खगोलशास्त्रज्ञ नव्हते. १९९५मध्ये त्या रात्री ते मित्राच्या दुर्बिणीतून बघत होते, स्वतःची दुर्बीणही नव्हती. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला बोरिसोव्ह हा धूमकेतू २०१९मध्ये बोरिसोव्ह नावाच्याच माणसाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधला. आकाशाला कुलूप लावायचं तर या सगळ्यांच्या गच्चीवर पहारा बसवावा लागेल.

माझी स्वतःची एक आठवण सांगते. १९८६च्या मार्चमध्ये हॅले आला तेव्हा मी तुमच्या लेकाएवढी होते. शेजारच्या आजींनी बजावलं होतं, शेंडेनक्षत्राकडे बघू नये, राजाला वाईट असतं. राजा कुठला, ते मी विचारलं नाही. वडिलांनी पहाटे चारला उठवून गच्चीवर नेलं. मी मनात भला मोठा पिसारा धरून गेले होते, आणि दिसला काय, तर फळ्यावर नीट न पुसलेल्या खडूचा डाग. मला रडूच आलं. वडिलांनी मात्र एका वहीत वेळ, दिशा, 'अंधुक, शेपूट आखूड' असं लिहिलं आणि खाली लिहिलं, 'पुन्हा २०६१'. ती वही अजून माझ्याकडे आहे.

त्या 'पुन्हा २०६१'वर माझा सगळा भरवसा आहे, कारण ती परंपरा १७०५पासून चालत आलीय. एडमंड हॅलेने तेव्हा सांगितलं होतं की हा धूमकेतू १७५८च्या सुमारास परत येईल. पुढे क्लेरो या फ्रेंच गणितज्ञाने गुरू आणि शनी यांची ओढ धरून महिनोन्‌महिने आकडेमोड केली आणि १७५८च्या नोव्हेंबरात जाहीर केलं, सूर्याच्या सर्वांत जवळ तो एप्रिल १७५९च्या मध्यावर असेल, महिनाभर इकडेतिकडे. धूमकेतू १३ मार्चला तिथे पोचला, म्हणजे महिन्याच्या सवलतीपेक्षाही दोन-तीन दिवस आधी. लोकांनी त्यावर वाद घातला, आणि घालता आला तो क्लेरोने आपली चूक किती असू शकेल हे आधीच लिहून दिल्यामुळे. त्या आकडेमोडीत त्याच्या हाताखाली लालांद होता, तोच तो, पंधरा वर्षांनी अफवेत सापडलेला. आणि निकोल-रेन लपोत नावाची एक विदुषी होती, जिचं श्रेय बरेच जण विसरतात.

आता याच्या शेजारी व्हिडिओवाल्यांच्या तारखा ठेवा. निबिरू नावाचा एक कल्पित ग्रह २००३मध्ये येऊन धडकणार होता. आला नाही, तेव्हा तारीख सरकून २१ डिसेंबर २०१२ झाली. त्या वेळी नासाचे डेव्हिड मॉरिसन हजारो घाबरलेल्या पत्रांना उत्तरं देत होते आणि त्यांत शाळकरी मुलांची पत्रंही होती, हे तुमच्या लेकाला जरूर सांगा. मध्येच २०११मध्ये एलेनिन धूमकेतू भूकंप घडवणार होता. तो सूर्याजवळ जाताना स्वतःच विरघळून गेला. सप्टेंबर २०१५मध्येही एक लघुग्रह येणार होता, इतका बोभाटा झाला की नासाला खुलासा काढावा लागला. यातल्या एकानेही 'चूक अमुकइतकी असू शकेल' असं लिहून दिलं नव्हतं. तारीख टळली की व्हिडिओ काढून टाकायचा आणि नवा चढवायचा.

खरं भाकीत कसं वठतं त्याचा माझा आवडता किस्सा ऐका. ६ ऑक्टोबर २००८ला ॲरिझोनातल्या एका दुर्बिणीत जेमतेम चार मीटरचा दगड दिसला. काही तासांत गणित झालं, हा उद्या पहाटे सुदानच्या उत्तरेकडच्या वाळवंटावर वातावरणात शिरणार. वेळ सांगितली, जागा सांगितली. शोध लागल्यापासून सुमारे वीस तासांनी तो तिथेच, त्याच वेळी पेटून फुटला. डिसेंबरात खार्तूम विद्यापीठाचे विद्यार्थी रांग करून, खाली बघत, त्या वाळवंटातून चालत निघाले, आणि गणिताने आखलेल्या रेषेवर त्यांना काळे तुकडे सापडले. आकाशात दिसलेला दगड आधी सांगून जमिनीवर हातात घेण्याची ती पहिलीच वेळ.

म्हणजे धोका नाहीच का? आहे, आणि तो मुलापासून लपवू नका. पोरांना आपण अर्धं सांगतोय हे लगेच कळतं. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दहाएक किलोमीटरचा दगड आजच्या मेक्सिकोत आदळला आणि डायनोसॉर संपले. लोणारचं सरोवर अशाच, पण फार लहान आघाताचा खड्डा आहे. ३० जून १९०८ला सायबेरियात तुंगुस्काला हवेतच झालेल्या स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल झोपवलं. तेव्हा प्रश्न एवढाच की आत्ता आपल्या वाटेवर काय आहे. पृथ्वीजवळून फिरणारे ४० हजारांहून जास्त लघुग्रह आज माहीत आहेत. एक किलोमीटरहून मोठ्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त सापडले आहेत. १४० मीटरहून मोठा, माहीत असलेला एकही लघुग्रह पुढच्या शंभर वर्षांत धडकायची म्हणण्याजोगी शक्यता नाही. पण १४० मीटरच्या आसपासचे निम्म्याहून जास्त अजून सापडायचे आहेत, हेही खरं. चिलीतली नवी रुबिन वेधशाळा त्यासाठी मोठी उपयोगाची ठरेल.

आणि सापडला तर काही करता येतं, हे आता नुसतं कागदावर नाही. २६ सप्टेंबर २०२२ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फोस या १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आपटलं. तो आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, तो आता साधारण अर्धा तास लवकर फेरी पुरी करतो. वेळेवर कळलं तर एवढा धक्काही दगडाला चुकवायला पुरतो.

लहान दगड मात्र अवचित येऊ शकतात. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कवर साधारण वीस मीटरचा दगड सूर्याच्या बाजूने आला, त्यामुळे आधी कोणाला दिसला नाही, आणि तीसएक किलोमीटर उंचीवर फुटला. लख्ख उजेड पडला आणि लोक काय झालं ते बघायला खिडक्यांशी धावले. आवाजाचा दणका मागाहून येतो, तो दीड-दोन मिनिटांनी आला आणि काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. मेलं कोणी नाही. एका शाळेतल्या बाईंनी उजेड दिसताच चौथीच्या ४४ मुलांना बाकाखाली जायला लावलं. मुलं सगळी सुखरूप राहिली, बाईंचा हात काचेने कापला. हे तुमच्या लेकाला सांगाच. आकाशात डोळे दिपवणारा उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हायचं. त्याला भीतीच्या बदल्यात करण्याजोगं काहीतरी मिळेल, आणि या वयाच्या मुलांना ते फार लागतं.

आता घरातलं.

मुलाला 'असं काही नसतं, झोप' म्हणू नका. ते तुम्ही म्हणून बघितलं असणारच. दिवसाउजेडी, पोट भरलेलं असताना त्याला बसवा आणि वरचा अपोफिसचा हिशेब कानातल्यासकट सांगा. त्याला प्रश्न विचारू द्या. तोच प्रश्न पाचव्यांदा आला तरी तेच उत्तर, त्याच आवाजात. झोपायच्या आधी तासभर मोबाईल त्याच्याही हातात नको आणि तुमच्याही. दोन-तीन आठवड्यांत झोप रुळावर आली नाही, जेवण कमी झालं, शाळेत जायला कां-कूं करू लागला, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या समुपदेशकाला दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अण्णांशी बोलायचं ते तुम्ही नाही, तुमच्या मिस्टरांनी. दुर्लक्ष कर म्हणणं सोपं आहे, वडील त्यांचे आहेत. बोलणं दोन वाक्यांचं असू दे: 'अण्णा, तो रात्री उठतो. त्याच्यासमोर हे व्हिडिओ नकोत.' बरोबर की चूक हा वाद त्यात आणायचाच नाही. नातू झोपत नाही एवढं कळल्यावर थांबणार नाहीत असे आजोबा मी फार पाहिलेले नाहीत. घरच्या ग्रुपवर खुलाशांच्या लिंका टाकून त्यांना चारचौघांत पाडू नका. एरवी शहाणी माणसं अशा वेळी हट्टाला पेटतात.

पण त्यांच्या हातून व्हिडिओ काढून घेतलात तर त्या जागी काहीतरी द्यावं लागेल. तुम्ही लिहिता तसे ते हिशेबाचे पक्के आणि पेपर कोळून पिणारे. अशा माणसाला निवृत्तीनंतर घरात कोणी काही विचारीनासं होतं. व्हिडिओवाला निदान त्यांना सांगतो की हे फक्त तुम्हाला कळलंय. त्यांना एक दोनशे पानी वही आणून द्या आणि काम नातवाबरोबर वाटून द्या. डाव्या पानावर व्हिडिओने सांगितलेली तारीख आणि काय होणार ते, व्हिडिओच्याच शब्दांत. उजव्या पानावर खगोलशास्त्रज्ञांचा आकडा, अंतर आणि चूक किती असू शकते ते. खाली एक ओळ रिकामी, तारीख उलटल्यावर भरायची. सुरुवात जुन्या तारखांपासून करा: १९१०, २००३, २०१२, २०१५. तेवढी पानं अण्णांनीच स्वतःच्या अक्षरात भरावीत. मग कोणी काही बोलायची गरज पडणार नाही. नाहीच पटलं, तरी आजोबा-नातू एका वहीवर डोकं घालून बसतील, हेही काही कमी नाही.

विम्याचा हप्ता मात्र वेळेवर भरा, त्यासाठी वही पूर्ण व्हायची वाट बघू नका.

१३ एप्रिल २०२९च्या पानावर उजवीकडे लेकाला स्वतःच्या हाताने लिहू द्या: 'अपोफिस, सुमारे ३२,००० किलोमीटर.' खालची ओळ तो १४ तारखेला भरेल. आणि हो, दहावी आहे. हे त्याला सांगायचं वाईट काम माझ्यावर ढकलू नका, ते तुमचं तुम्हीच करा.

तुमची,
काकू